बुधवारची तिसरी मुलगी

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कपाटात टाकशील अशी धाकधूक आहे, म्हणून कामाचं आधी लिहिते.

आपल्या बारच्या दारावर परवाना मंडळाचा कागद लागलाय. पिवळाजर्द, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. 'मद्यविक्री परवान्याची फेरतपासणी' असा मथळा, आणि खाली बारीक अक्षरात, की अल्पवयीन ग्राहकांना मद्य विकल्याची तक्रार आली आहे, कुणाला बाजूने वा विरुद्ध काही सांगायचं असेल तर अठ्ठावीस दिवसांत लेखी कळवावं. धक्क्यावरून बोटीला जाणारा प्रत्येक जण थांबून वाचतो. वीस वर्षं खिडकीपाशी बसणारे आपले घड्याळजी, त्यांनीही चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला आणि मला विचारलं, "म्हणजे आज उघडं आहे ना?"

झालं ते असं. टेकडीवरच्या शाळेतल्या तीन मुली दुपारच्या आल्या. दिसायला मोठ्या होत्या. त्यांना वाइन दिली गेली. परत जाताना त्यातली चष्मेवाली धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडली. मनगट मोडलं, पुढचे दोन दात गेले. बाकीच्या दोघी कोण, ते तिने अजून कुणालाही सांगितलेलं नाही. तक्रार तिच्या आईची आहे. सुनावणी ३ एप्रिलला.

मी एक वकीलबाई केल्या आहेत. त्या म्हणतात, घरच्या माणसाचं पत्र असलं तर मंडळावर परिणाम होतो. बाबांच्या वेळेपासून बार कसा नीट चालत आलाय, एवढंच तू मंडळाला लिहायचंस. चार ओळी पुरतील. मला लिहू नकोस हवं तर.

अकरा वर्षांनी पत्र लिहून मागते काय, तर दाखला! हसू येतंय ना? मलाही येतंय, पण नीटसं नाही.

तुझी धाकटी


११ मार्च

ताई,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालवाला चढण चढताना दिसला की मी उगाच काउंटर पुसायला घेते.

काल परवाना निरीक्षक येऊन गेले. मला वाटलं होतं कुणी तरी दरडावणारा येईल. हा मृदू माणूस निघाला, सर्दीने बेजार. पाणी सुद्धा "मिळेल का" असं विचारून घेतलं. त्यांनी सगळं पाहिलं. काउंटरची उंची, आरसा, वयाची पाटी कुठे लावली आहे ते. मग म्हणाले, "नकारवही दाखवा."

ही वही तुला आठवणार नाही, तू गेल्यावर सक्तीची झाली. कुणाला दारू नाकारली की त्यात लिहायचं. तारीख, वेळ, कारण, सही. निरीक्षक पान पान उलटत गेले. 'दोन तरुण, ओळखपत्र नाही, परत पाठवले.' सही मुकादमची. 'एक गृहस्थ, आधीच तोल गेलेला.' मुकादमची. मुकादम अजून आहे, ताई. बाबांच्या वेळचा तोच, तशाच मिशा, फक्त आता पांढऱ्या. आजही साऱ्या बारला हाताखाली असल्यासारखा ओरडतो, मला धरून.

शेवटी निरीक्षकांनी नाक पुसलं आणि विचारलं, "तुमची सही कुठे आहे?"

"माझी वेळ दुपारची," मी म्हटलं. "दुपारी तशी माणसं येत नाहीत."

त्यांनी ते लिहून घेतलं. अकरा वर्षांत एकही नकार नाही, असं काही ते बोलले नाहीत. पण ते गेल्यावर मी वही घेऊन बसले, आणि बाई गं, खरंच एकही नाही.

दुपारी मी एकटीच असते. मुकादम जेवून मागच्या खोलीत आडवा होतो. तीन वाजले की ऊन पाण्यावरून उलटं आत येतं आणि बाटल्यांमधून जमिनीवर सांडतं. हिरवं, मधासारखं, एका कोपऱ्यात लाल. दोन बोटींच्या मधल्या त्या तासात कुणी बोलत नाही. घड्याळजी पेंगतात. मला उभ्या उभ्या स्वप्नं पडतात. परवा दिसलं, की बारमध्ये पाणी शिरलंय, गुडघ्याइतकं, स्वच्छ, आणि सगळे आपापल्या खुर्चीवर शांत बसलेत, ग्लास तरंगू लागले की हाताने जवळ ओढताहेत. बाबाही होते. मी त्यांना काही विचारणार, एवढ्यात दाराची घंटा वाजली.

त्या मुलीही अशाच वेळी यायच्या. ऊन जमिनीवर असताना.

'यायच्या' लिहिलं मी. असू दे. एकदाच आल्या नव्हत्या. चार बुधवार आल्या. बुधवारी त्यांची शाळा अर्धी असते.

तुझी धाकटी


१९ मार्च

ताई,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची तीन फाडली. ती फार छान उतरली होती म्हणून.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, 'त्यांना वाइन दिली गेली.' जशी काही बाटली आपली आपण उठून कलंडली. मी दिली. चारही बुधवार मीच दिली. मुकादम मागे झोपलेला होता, त्याला ठाऊकही नव्हतं.

तिघींपैकी एक उंच, बोलघेवडी. एक चष्मेवाली, सारखी उंच मुलीकडे बघून हसणारी. तिसरी दारातच थांबली. डोळे जमिनीवर. मला वाटलं लाजतेय. पण ती उजेड बघत होती. मग तिने हिरव्या डागावर पाय टाकला, तिथून मधावर, तिथून लालवर, असं करत काउंटरपर्यंत आली. पांढऱ्या फरशीवर पाय न टाकता. आणि पोचल्यावर उजवा खांदा किंचित वर करून उभी राहिली. तू उभी राहायचीस तशी.

ती तुझी लेक आहे, ताई.

तू तिला या शहरात शिकायला पाठवलंयस, वसतिगृहात ठेवलंयस, हे मला माहीत नव्हतं. कोण सांगणार? मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तिच्या मोज्यावर ससा होता. पण एका क्षणात ओळखलं. तिने मला ओळखलं की नाही, ते कळेना. "मॅडम," म्हणाली, "तीन ग्लास लाल वाइन." आवाज मोठा करून म्हणाली, पाठ करून आल्यासारखी.

मला कळत होतं काय करायचं ते. "ओळखपत्र दाखवा" म्हणायचं. मग त्या लाजून, हसत, एकमेकींना ढकलत निघून गेल्या असत्या, आणि ती परत कधी आली नसती. मी हे सगळं तेवढ्यात पाहिलं. तिची पाठ, बंद होणारं दार, घंटा. आणि मी तीन ग्लास काढले.

सरबत देता आलं असतं. तेव्हापासून हेच घोकतेय. द्राक्षाचा रस होता फ्रिजमध्ये, तोच रंग. "हे माझ्याकडून" म्हणून दिला असता तर तीही खूश, मीही खूश. तो सुचला नाही असं मी वकीलबाईंना सांगितलं. तुला सांगते, सुचला होता. पण सोळा वर्षांच्या मुली द्राक्षाच्या रसासाठी चढण उतरून येत नाहीत. तिला मी आवडायला हवी होते. 'भारी आहे ती बारवाली' असं तिने रात्री मैत्रिणींना सांगावं असं मला वाटत होतं. माझं वय बावन्न.

चार बुधवार आम्ही एकमेकींना ओळखत नसल्यासारखं वागलो. मी मुद्दाम त्यांच्या टेबलाजवळचे ग्लास पुसायची. तिला गणित जड जातं. तिला पोहता येत नाही, त्यामुळे बोटीची भीती वाटते. तुझी नक्कल ती फार सुरेख करते, 'मी काय म्हणतेय ते तुला कळतंय की मी भिंतीशी बोलतेय?' मी पाठ फिरवून हसले आणि एक ग्लास फोडला.

चौथ्या बुधवारी चष्मेवालीने दोन ग्लास घेतले. दुसरा मीच भरला. त्या गेल्या. दहा मिनिटांत दार धाडकन उघडलं आणि तुझी लेक आत आली. केस सुटलेले, चेहरा पांढराफटक.

"मावशी," म्हणाली, "मावशी, ती पडली."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती वाइनसाठी आलीच नव्हती गं. मी पाणी दिलं असतं तरी ती आली असती.

मी धावत गेले. चष्मेवालीचं डोकं मांडीवर घेऊन बसले, रुग्णवाहिका येईपर्यंत. आणि तुझ्या लेकीला आणि त्या उंच मुलीला म्हटलं, "तुम्ही जा. वसतिगृह गाठा. इथे नव्हतातच तुम्ही." हेही मीच केलं. पोरीला पळ काढायला मी शिकवलं. त्या दोघी रडत चढण चढून गेल्या आणि चष्मेवालीने आजवर त्यांचं नाव घेतलेलं नाही. सोळा वर्षांची पोर, तोंडातून रक्त येत होतं, तरी माझ्यापेक्षा सरळ वागली.

तुझ्या लेकीला रागावू नकोस असं सांगायचा मला हक्क नाही. तरी सांगते.

तुझी धाकटी


२७ मार्च

ताई,

वकीलबाईंनी बचाव बेतलाय. त्यांच्या केबिनमध्ये एक मोठं मत्स्यालय आहे, त्यातले मासे बोलणाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, त्यामुळे मला सारखं पाच-सहा जणांसमोर बोलल्यासारखं होतं.

"कायदा असा आहे," त्या म्हणाल्या, "की मुली अठराच्या वर आहेत असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटलं असेल, आणि कुणालाही वाटलं असतं, तर दोष बराच कमी होतो. मुली उंच होत्या. लिपस्टिक होती. तुम्हाला एकोणीस-वीस वाटल्या. एवढंच म्हणायचं. वाटल्या होत्या ना?"

"एक वाटली," मी म्हटलं.

"तिघी," त्या म्हणाल्या, आणि सगळे मासे माझ्याकडे बघायला लागले.

मी त्यांना तुझ्या लेकीबद्दल सांगितलेलं नाही.

घरी आले तर मुकादम इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. म्हणतो, "मी सांगतो, मी दिली. मला दिसत नाही नीट, पोरी मोठ्या वाटल्या. म्हाताऱ्याला काय करणार आहेत?"

"तू झोपला होतास."

"तेही सांगतो. झोपेत दिली."

आम्ही दोघं एवढं हसलो की घड्याळजी जागे झाले. मग मुकादम शर्टाची कॉलर सारखी करत म्हणाला, "छोट्या बाई, बार गेला तर मी कुठे जाऊ? माझा बिछाना इथेच आहे." मी बाकी कशाला घाबरत नव्हते. त्या वाक्याला घाबरले.

आता बाबांचं लिहिते. अकरा वर्षांत लिहिलं नाही ते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक थेंब नको. तू घरातल्या सगळ्या बाटल्या खाली नेल्यास, जिन्याच्या दाराला कुलूप लावलंस, किल्ली गळ्यात घातलीस. दुसरी किल्ली माझ्याकडे होती हे तुला नंतर कळलं. रोज चारच्या सुमाराला बाबा म्हणायचे, "जरा बोटभर." नुसतं म्हणायचे. मागायचे नाहीत, चिडायचे नाहीत. खिडकीतून बोट बघत, जसं कुणी 'आज वारा आहे' म्हणावं. मी सहा दिवस ऐकलं. सातव्या दिवशी खाली गेले.

तू आलीस तेव्हा ग्लास त्यांच्या हातात होता आणि ते इतके खुशीत होते! तुला म्हणाले, "ये, बस." तू त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलंस. तेव्हा काय म्हणालीस, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "तू त्यांच्यावर प्रेम म्हणून नाही दिलीस. त्यांनी तुझ्यावर रुसू नये म्हणून दिलीस." तीन आठवड्यांनी ते गेले. त्या एका ग्लासाने गेले नाहीत, डॉक्टरही तसंच म्हणाले. पण तो एकच ग्लास नव्हता, ताई. रोज एक होता. रोज चारला.

तुझं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला अकरा वर्षं आणि एका मुलीचे दोन दात लागले.

उद्याची सुट्टी धरून सुनावणीला सात दिवस आहेत. दाखल्याचं विसर. काहीही लिहू नकोस.

तुझी धाकटी


४ एप्रिल

ताई,

काल झाली सुनावणी.

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. लांब टेबल, पलीकडे तिघं जण. मधोमध अध्यक्षबाई, केस आखूड, समोर पेन्सिली एका ओळीत. एका बाजूला निरीक्षक, सर्दी गेलेली. आमच्या मागे मुकादम आणि घड्याळजी. घड्याळजींनी कोट घातला होता, मी त्यांना कोटात कधी पाहिलं नव्हतं. खिडकी उघडी होती आणि खालून बोटीचा भोंगा आला की सगळे बोलणं थांबवायचे, तो संपेपर्यंत. त्यामुळे सगळंच जरा स्वप्नात चाललंय असं वाटत होतं.

पहिल्यांदा चष्मेवालीची आई बोलली. ती शिवणकाम करते. बोटांना सारखी टाचणी शोधायची सवय, टेबलावर हात फिरवत होती. "माझी मुलगी आता हसताना तोंडावर हात धरते," म्हणाली. "बस्स. एवढंच."

मग वकीलबाईंनी उंची, लिपस्टिक, दुपारचा उजेड असं सगळं मांडलं. छान मांडलं. मला स्वतःला पटायला लागलं. मुकादम खाकरला, उठायच्या बेतात होता, मी मागे हात करून त्याला बसवलं.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "तुम्हाला त्या अठराच्या वरच्या वाटल्या?"

नेमका भोंगा झाला. आम्ही सगळे थांबलो. तेवढा वेळ मिळाला नसता तर मी काय म्हटलं असतं, कोण जाणे. मला मुकादमचा बिछाना दिसत होता.

"नाही," मी म्हटलं. "दोघींचं मी विचारलंच नाही. तिसरीचं विचारायची गरज नव्हती. ती सोळा वर्षं आणि चार महिन्यांची होती. मला माहीत होतं."

"कसं?"

"ती जन्मली तेव्हा मी तिथे होते. तिच्या आईचा हात माझ्या हातात होता."

वकीलबाईंनी फाइल मिटली. आवाज झाला.

"मग दारू का दिलीत?" अध्यक्षबाईंनी विचारलं. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"नाही म्हटलं की माणसं जातात असं मला वाटतं," मी म्हटलं. "माझ्या हयातीत मी कुणालाच नाही म्हटलेलं नाही. तुमच्या निरीक्षकांनी वही पाहिली आहे."

निरीक्षकांनी मान खाली घातली.

मग अध्यक्षबाईंनी पेन्सिलींखालून एक पाकीट काढलं. म्हणाल्या, "हे आज सकाळी आलं. मुदत उलटून आलंय, म्हणून पुरावा म्हणून धरता येत नव्हतं, आणि आता धरायची गरजही उरली नाही. पण वाचून दाखवते. मुलीचं नाव कागदपत्रांत येणार नाही."

तुझं अक्षर मी टेबलाच्या अलीकडून ओळखलं. उलटं, ताई. उलटं दिसत होतं तरी.

तू काय लिहिलंयस ते तुला माहीत आहे. पण मला ते इथे लिहायचंय, माझ्या हाताने. 'परवानाधारक माझी धाकटी बहीण आहे. त्या तीन मुलींपैकी एक माझी मुलगी आहे, आणि तिचं वय माझ्या बहिणीला पूर्ण माहीत होतं. माझी मुलगी स्वतः त्या जखमी मुलीच्या घरी जाऊन आईची माफी मागून आली आहे. बहिणीने तुमच्यासमोर खोटं सांगितलं तर परवाना काढून घ्या. खरं सांगितलं तर नियमाने जे होईल ते करा. तिने मला लिहिलेली पत्रं मी सोबत जोडलेली नाहीत. ती माझी आहेत.'

ती माझी आहेत. त्यानंतर अध्यक्षबाई काय म्हणाल्या ते मला अर्धंच ऐकू आलं. मुकादमने बाहेर आल्यावर सगळं नीट सांगितलं. परवाना तीन महिने स्थगित. पुढे जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव राहणार नाही, मुकादमचं लागणार. मला काउंटरमागे उभं राहायचं तर आधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायची. मुकादम छाती काढून चालत होता, जसा काही त्याला बोटीचा कप्तान केलाय.

जिन्यात चष्मेवालीची आई थांबली होती. मी हात जोडले. तिने विचारलं, "कुठली होती?"

"लाल."

"आवडली तिला?"

"नाही. पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं. मैत्रिणींसाठी पीत होती."

ती हसली, म्हणजे हसणार होती, पण तिचा चेहरा मधेच वळला आणि ती कठड्याला धरून रडायला लागली. मी तिथेच उभी राहिले. जवळ जावं की नाही कळेना. गेले नाही. तिला माझा हात नको होता, ते दिसत होतं. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं, "दात बसवणार आहेत पुढच्या महिन्यात," म्हणाली आणि गेली.

तुझी
धाकटी


२ मे

ताई,

तू वर झोपली आहेस. मी खाली बारमध्ये बसून हे लिहितेय. आपल्या दोघींत बारा पायऱ्या आहेत, त्यामुळे तिकिटाची गरज नाही.

तू सकाळच्या बोटीने येशील असं तुझ्या लेकीने सांगितलं होतं, तरी धक्क्यावर तुला पाहिलं तेव्हा मी चुकून घड्याळजींचा हात धरला. तू बारीक झालीस. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय बोललीस? "पाटी तिरकी लागलीय." खरंच तिरकी आहे. मुकादमने स्वतःच्या नावाची नवी पाटी स्वतःच ठोकली.

जेवताना तू बोललीस, मी ऐकलं. तुझ्या लेकीने महिनाभर बाहेर पडायचं नाही आणि मग रविवारी चार ते सहा इथे गणित घेऊन बसायचं, हे तू ठरवून आली होतीस. मला विचारलं नाहीस, सांगितलंस. इतकं बरं वाटलं! मग म्हणालीस, "बाबांचं मी विसरणार नाही."

"विसरू नकोस," मी म्हटलं.

आणि मग ते. तू कपाटाकडे बोट दाखवून म्हणालीस, "मलाही ओत जरा. अख्खं घर ज्याच्यापायी बुडालं, ते आहे तरी काय बघू दे."

तू आयुष्यात कधी घेतली नाहीस. मला वाटतं तुझ्या डोळ्यांत खरंच पाणी होतं आणि तुला खरंच हवी होती. माझा हात अर्धा उठलाही.

"नाही," मी म्हटलं.

"परवाना खालच्या मजल्याचा बंद आहे. घरात कोण विचारतंय?"

"तरी नाही. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर दिसताहेत मला."

तू उठलीस. खुर्ची मागे सरकली. मला वाटलं, झालं, गेली. पिशवी उचलेल आणि दुपारची बोट धरेल. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले. तू माझ्याकडे बघत राहिलीस, मग ताटं उचललीस आणि म्हणालीस, "कुठे पडू मी? डोळे मिटताहेत." आणि बाबांच्या खोलीत जाऊन झोपलीस. दार लोटलं नाहीस.

म्हणून हे लिहितेय. समोर बसून मला बोलता येत नाही, तू बघतेस म्हणून. इतक्या पत्रांत मी कारणं लिहिली, कबुल्या लिहिल्या, बाबांना आणलं, भोंगा आणला. माफी मात्र कुठे लिहिली नाही. वाचून पाहिलं तर सापडणार नाही. तर लिहिते. मी चुकले. बाबांच्या वेळी चुकले आणि तुझ्या लेकीच्या वेळीही चुकले. तू दूर राहिलीस ते बरोबर केलंस. आलीस त्याला काय म्हणावं ते मला माहीत नाही.

बार रिकामा आहे. बाटल्या काढून खोक्यांत भरल्या, फळ्या मोकळ्या. ऊन आत येतंय आणि आता जमिनीवर नुसतं ऊनच आहे, साधं. घड्याळजी सवयीने खिडकीपाशी येऊन बसले आहेत, पुढ्यात लिंबाचं पाणी. मुकादम कालपासून तिसऱ्यांदा फळ्या पुसतोय. सगळं इतकं शांत आहे की वर तू कूस बदललीस तेही ऐकू आलं.

पत्र तुझ्या उशाशी ठेवून येते. चहा टाकलाय. वाचलंस असं सांगायची गरज नाही. नुसती खाली ये.

धाकटी